एलईडी लावूनही मीटरचे दिवे पुन्हा पुन्हा जातात? नवा बल्ब आणण्याआधी हे तपासा

माझ्या मारुती ८०० च्या मीटरमध्ये एलईडी टाकून आता दोन वर्षं होतील. त्यातल्या पहिल्या आठ महिन्यांत मी ते मीटर चार वेळा खोललं. तीन वेळा बल्ब बदलले. चौथ्या वेळी एकही बल्ब बदलला नाही, आणि त्यानंतर दिवे गेलेले नाहीत. ज्यांच्याकडे अजून जुनी गाडी आहे आणि जे असली कामं घरीच करतात, त्यांच्याकडून मला हीच तक्रार ऐकू येते: "एलईडी टाकले, आठ-पंधरा दिवस झकास, मग एक बाजू काळी." त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

पहिल्यांदा दिवा गेला तो कुंभार्ली घाटात. कराडहून चिपळूणला उतरत होतो, पावसाळ्याचे दिवस, रात्रीचे साडेनऊ. मीटरची उजवी बाजू एकदम काळी झाली. पेट्रोलचा काटाही अंधारात. पुढच्या वळणावर चाक खड्ड्यात गेलं आणि दिवा परत आला. दोन किलोमीटरवर पुन्हा गेला. घरी येऊन मी ठरवून टाकलं की बल्ब हलका निघाला, आणि दुसऱ्या दिवशी तसलेच नवे दोन आणले. तेही वीस दिवसांत तसेच वागायला लागले. खरं तर त्या खड्ड्यानेच मला उत्तर दिलं होतं. धक्का बसल्यावर जो दिवा परत येतो, तो बहुतेक वेळा जळालेला नसतो. त्याच्यापर्यंत करंट पोचत नसतो.

म्हणून सगळ्यात आधी लक्षण नीट बघा. दिवा बसवल्यापासून एकदाही लागला नाही, की लागून मग जायला लागला? जातो तो हादऱ्याने, की गाडी उभी असतानाही? एकच बाजू जाते की सगळं मीटर? मीटरबरोबर मागचे लाल दिवेही जातात का? या प्रश्नांची उत्तरं मीटर न खोलता मिळतात, आणि अर्धं निदान तिथेच होतं. पार्किंगचे दिवे लावा, गाडी उभी ठेवा आणि डॅशबोर्डच्या हूडवर तळहाताने दोन-तीन थापा मारा. थापेसरशी उजेड लुकलुकला तर दोष कॉन्टॅक्टचा.

बसवल्यापासून लागतच नाही

हे सगळ्यात सोपं. साध्या बल्बाला उलटसुलट काही नसतं, तार दोन्ही बाजूंनी सारखीच तापते. एलईडी हा डायोड आहे, करंट एकाच दिशेने जाऊ देतो. उलटा बसला तर पेटत नाही, बिघडतही नाही. बल्ब होल्डरमधून उपसा, अर्धा फेरा फिरवून परत खोचा. काही एलईडी दोन्ही बाजूंनी चालणारे मिळतात, त्यांच्यात आत वेगळी जोडणी असते. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. पण लिहिलंय म्हणून विश्वासाने मीटर बंद करू नका, पेटवून बघा.

माप चुकलं तरी हेच होतं. मीटरमागे साधारण दोन मापं सापडतात: उजेडासाठी टी१० आणि इशाऱ्याच्या दिव्यांसाठी त्याहून बारीक टी५. दुकानात जाताना जुना बल्ब काढून सोबत न्या. लांबीही जुळवून बघा. एलईडी जुन्या बल्बापेक्षा लांब असेल तर आत डायलच्या पाठीला टेकतो, होल्डर पूर्ण फिरत नाही आणि अर्धवट अडकून राहतो. पाच चिपांचे (चिप म्हणजे एलईडीतला उजेड देणारा बारीक तुकडा) चौकोनी डोक्याचे बल्ब काही मीटरांच्या भोकातून आत जातच नाहीत. ते दाबून बसवू नका, भोकाची कड तुटते.

धक्क्याने जातो, थापेने येतो

माझं दुखणं हे होतं, आणि घरी एलईडी बसवणाऱ्यांचं बहुतेक वेळा हेच असतं.

तिसऱ्यांदा बल्ब गेले तेव्हा मी मीटर काढून सरळ आमच्या गल्लीतल्या गाडीच्या वायरिंगवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी बल्बांकडे पाहिलंही नाही. "अरे, बल्बाला कशाला बोल लावतोस? तो पेटायला तयार आहे. त्याच्यापर्यंत करंट पोचतोय का ते बघ," म्हणाले. मग मीटर पालथं घातलं, होल्डर चिमटीत धरून पाव फेरा फिरवला, बाहेर काढला आणि त्या भोकाभोवतीची जागा मला दिव्याखाली धरून दाखवली.

जुन्या मीटरच्या पाठीवर एक पातळ, लवचिक प्लॅस्टिकची फिल्म असते. तिच्यावर तांब्याचे पट्टे छापलेले असतात आणि तेच मीटरचं वायरिंग. होल्डरच्या कडेला दोन पितळी पत्त्या असतात. होल्डर भोकात घालून फिरवला की त्या पत्त्या तांब्याच्या पट्ट्यांवर दाबून बसतात. स्क्रू नाही, सोल्डर नाही, फक्त दाब. माझ्या फिल्मवर जिथे पत्ती टेकते तिथे तांब्याची चकाकी नव्हती. तिथे काळपट, नखाएवढा डाग होता आणि त्याच्या कडेला हिरवट कळंक धरला होता. आमच्याकडे चार महिने पाऊस आणि बाकीचे आठ महिने दमटपणा, तांबं हिरवं व्हायला वेळ लागत नाही. काकांनी बोटाने त्या डागावर घासलं. बोट काळं झालं, डाग तसाच.

हा झाला एक कॉन्टॅक्ट. दुसरा होल्डरच्या आत आहे, आणि एलईडीच्या बाबतीत तो जास्त त्रास देतो. साध्या टी१० बल्बाचं बूड काचेचं आणि जाड असतं. होल्डरच्या आतल्या पत्त्या वर्षानुवर्षं त्या जाडीला फाकलेल्या असतात, शिवाय बल्बाच्या उष्णतेने त्यांची स्प्रिंग ढिली पडलेली असते. आता त्यात आपण एलईडी खोचतो. त्याचं बूड कधी प्लॅस्टिकचं, कधी नुसत्या सर्किटच्या पट्टीचं, काचेपेक्षा पातळ. पाय म्हणजे केसापेक्षा जरा जाड अशा दोन तारा. बसवताना बसल्यासारखा वाटतो. रस्त्यावर हादरे बसायला लागले की पाय पत्तीपासून सुटतो, पुन्हा टेकतो, पुन्हा सुटतो. नवा बल्ब घातला की पंधरा दिवस बरं वाटतं, कारण नव्या बल्बाचे पाय आपण बसवताना नकळत जरा वेगळे वाकवलेले असतात. ते पुन्हा सैल झाले की पहिले पाढे पंचावन्न.

यावर केलं ते असं. आधी तांब्याचे पट्टे साफ केले. मऊ खोडरबराने, फक्त पत्ती टेकते तेवढ्याच जागी, हलक्या हाताने, तांबं चमकेपर्यंत. पोलिश पेपर वापरू नका, तांब्याचा थर फार पातळ असतो आणि एकदा घासून गेला की परत आणता येत नाही. मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तो भाग पुसला. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते मिळतं. थिनर किंवा पेट्रोल लावू नका, फिल्मचं आणि मीटरच्या प्लॅस्टिकचं नुकसान होतं.

त्यानंतर होल्डरच्या बाहेरच्या पत्त्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने किंचित वर उचलल्या, मिलिमीटरभर, जेणेकरून फिरवल्यावर त्या पट्ट्यावर जोराने बसतील. जास्त उचलल्या तर फिरवताना फिल्म फाडतात, म्हणून बेताने. आतल्या पत्त्या एकमेकींकडे थोड्या दाबल्या. शेवटी एलईडीच्या दोन्ही पायांना कथलाचा पातळ हात दिला. सोल्डरिंगची सवय नसेल तर ते सोडून द्या, पाय दुहेरी दुमडला तरी जाडी वाढते. एलईडी खोचताना आता हाताला अडसर जाणवायला हवा. उलटा धरून होल्डर झटकला तरी बल्ब हलता कामा नये.

मला एवढ्याने पुरलं. तुमच्या फिल्मवर पट्टा मधेच तुटलेला किंवा उचललेला दिसला तर मात्र घरी सोल्डरिंगचा प्रयत्न करू नका. बऱ्याच मीटरांची फिल्म साध्या प्लॅस्टिकची असते, गरम टोक टेकताच आकसते आणि शेजारचा पट्टाही घेऊन जाते. ते काम रोज करणाऱ्या माणसाकडे द्या. २०२१ च्या जुलैच्या पुरात आमच्या चिपळुणात ज्या गाड्या डॅशबोर्डपर्यंत बुडाल्या, त्यांच्या मीटरला खोडरबराने काही होणार नाही. चिखलाचं पाणी फिल्मच्या खाली शिरलेलं असतं आणि तांबं आतून कुजत जातं. तिथे दुसरं मीटर शोधणं शहाणपणाचं.

आतला सांधा सुटलेला बल्बसुद्धा असाच लुकलुकतो, हेही खरं. तो ओळखायला बल्ब बाहेर काढा, १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरला किंवा ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला लावा आणि पेटलेला असताना नखाने टिचक्या मारा. तिथेही लुकलुकला तर बल्ब टाकून द्या. ९ व्होल्टवर उजेड मंद दिसेल, काही बल्ब पेटणारही नाहीत, म्हणून ॲडॉप्टर बरा. मल्टिमीटरच्या डायोडच्या खुणेवर असा बल्ब तपासू नका. तिथे मिळणारा व्होल्टेज इतका कमी असतो की चांगला बल्बही मेलेला दिसतो. मी एक चांगला बल्ब असाच फेकून दिला होता.

महिना-दोन महिन्यांत कायमचा जातो

थापेने येत नाही, बाहेर काढून ॲडॉप्टरला लावला तरी पेटत नाही किंवा पाचपैकी दोनच चिपा मिणमिणतात. हा बल्ब खरोखर जळाला. तो का जळाला ते कळलं नाही तर पुढचाही जळणार.

पाकिटावर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण गाडीत १२ व्होल्ट क्वचितच असतात. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास असते आणि इंजिन चालू झालं की १३.८ ते १४.४ पर्यंत जाते. साध्या बल्बाला एवढ्याने फार फरक पडत नाही. स्वस्त एलईडीत मात्र आत तीन चिपा एकापाठोपाठ जोडलेल्या असतात आणि पुढे एकच रेझिस्टर, म्हणजे करंटला आवर घालणारा छोटा भाग. पांढऱ्या चिपेला साधारण ३.२ व्होल्ट लागतात, म्हणजे तिघींना ९.६. बॅटरी १२ वर असेल तर रेझिस्टरच्या वाट्याला २.४ व्होल्ट उरतात. तीच १४.४ वर गेली की उरतात ४.८. रेझिस्टर तोच, व्होल्टेज दुप्पट, म्हणजे करंटही दुप्पट. बॅटरीत वाढ झाली फक्त पाचव्या हिश्शाची, पण चिपेवरचा भार दुप्पट झाला. मीटरच्या बंद खोक्यात, उन्हात तापलेल्या डॅशबोर्डखाली, ती चिप फार दिवस काढत नाही.

चांगल्या एलईडीत करंट स्थिर ठेवणारा छोटा ड्रायव्हर असतो. पाकिटावर काय लिहिलंय यापेक्षा घरी मोजून बघणं खात्रीचं. मल्टिमीटर मिलिॲम्पिअरवर ठेवा, लाल तार त्याच्या वेगळ्या भोकात घाला, आणि बॅटरी, मल्टिमीटर, बल्ब असे एकापाठोपाठ जोडा. मगरचिमटे वापरा, म्हणजे हात मोकळे राहतात. इंजिन बंद असताना आकडा लिहून घ्या. मग तारा पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर बांधून इंजिन चालू करा आणि पुन्हा वाचा. आकडा दीडपटीच्या आसपास गेला तर आत नुसता रेझिस्टर आहे. जवळपास तेवढाच राहिला तर ड्रायव्हर आहे, तो बल्ब घ्या. एकच नमुना आणून मोजा आणि मगच बाकीचे आणा.

चांगले बल्बही जळत असतील तर इंजिन जरा रेस करून बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय. तिथे मीटरच्या बल्बापेक्षा बॅटरी आणि बाकीचं वायरिंग वाचवणं महत्त्वाचं, आधी ते दुरुस्त करून घ्या.

सगळं मीटर काळं, मागचे लाल दिवेही बंद

फ्यूज गेला. बऱ्याच गाड्यांत पार्किंग, नंबर प्लेट आणि मीटरचा उजेड एकाच फ्यूजवर असतो. होल्डर अर्धवट फिरला आणि त्याची पत्ती शेजारच्या पट्ट्याला टेकली, किंवा एलईडीचे दोन्ही पाय आत एकमेकांना भिडले, की असं होतं. होल्डर एकेक काढून बघा आणि दोष सापडल्यावरच तेवढ्याच ॲम्पिअरचा नवा फ्यूज घाला. मोठा फ्यूज किंवा तार घालू नका. आणि हे होईपर्यंत रात्री गाडी बाहेर काढू नका, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

दुसरी एक गोष्ट इथेच सांगतो. दिवे लावले की पेट्रोलचा काटा जागचा हलतो, किंवा पेट्रोल आणि टेंपरेचर दोन्ही काटे एकदम भलतीकडे जातात, आणि उजेडही मंद वाटतो, असं असेल तर मीटरची अर्थिंग सैल आहे. फिल्मच्या कोपऱ्यातला अर्थचा स्क्रू आणि वायरिंगच्या बाजूची अर्थची वायर बघा. गेजच्या पाठीवरचे छोटे नट उघडू नका, काही मीटरांत तेच नट काट्यांना करंट देतात.

बॅटरीचा लाल दिवा: याला हात लावू नका

हे मी आग्रहाने सांगतो, कारण यातून लोक रस्त्यात अडकतात. एलईडीचा अख्खा संच आणलाय म्हणून लोक मीटरमधला प्रत्येक बल्ब बदलतात, बॅटरीच्या चिन्हाचाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत चावी फिरवल्यावर अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट याच बल्बातून मिळतो. तो करंट रोटरमध्ये, म्हणजे अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या भागात, चुंबकत्व तयार करतो आणि मग अल्टरनेटर स्वतःच्या जोरावर वीज बनवायला लागतो. साधा बल्ब शंभरेक मिलिॲम्पिअर सोडतो. एलईडी त्याच्या तुलनेत फारच कमी. मग गाडी सुरू होते, पण अल्टरनेटर झोपलेलाच राहतो. शहरात हळू चालवत राहिलात तर बॅटरी उतरत जाते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. दोष बॅटरीवर जातो, कधी नवी बॅटरीही घेतली जाते.

ओळखायची खूण सोपी आहे. गाडी सुरू करून आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवा आणि बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.४ वगैरे दिसतंय आणि वाढत नाही. मग एकदा ॲक्सिलरेटर दाबला आणि आकडा उडी मारून १४ वर गेला, तर बल्बाचाच हा उद्योग. तिथे जुना साधा बल्ब परत घाला. एलईडी लावूनही चालणाऱ्या गाड्या आहेत, कारण काहींच्या मीटरमध्ये त्या बल्बाला समांतर रेझिस्टर आधीच असतो. पण तो आहे की नाही हे शोधत बसण्यापेक्षा बल्ब तसाच ठेवणं बरं.

माझं मत विचाराल तर इशाऱ्याचे सगळेच बल्ब साधे राहू द्या. ऑइलचा दिवा चावी फिरवल्यावर दोन सेकंद लागतो आणि विझतो. वर्षभरात तो एकूण किती वेळ पेटतो? त्यामुळे तो जळतही नाही. त्याच्या जागी एलईडी उलटा बसला तर इंजिनमधलं ऑइल संपलं तरी मीटर गप्प राहील. एअरबॅगच्या दिव्याला तर अजिबात हात नको, काही गाड्यांत कंट्रोल युनिट त्या बल्बावरही लक्ष ठेवून असतं. एअरबॅग असलेल्या गाडीत मीटरचे प्लग सुटे असताना चावीही फिरवू नका, नाहीतर एरर नोंदली जाते आणि दिवा लागूनच राहतो. एलईडी फक्त उजेडासाठी वापरा.

उजेड भरपूर, पण काटा दिसत नाही

ही तक्रार बिघाडात मोडत नाही, पण बल्ब पुन्हा बदलायला हीही भाग पाडते. मी पहिल्यांदा निळसर पांढरे एलईडी आणले होते. आकडे लख्ख दिसायचे, पण लाल काटा मळकट तपकिरी झाला होता. कारण त्या उजेडात लाल रंग फार कमी असतो. पांढरा एलईडी मुळात निळी चिप असते, तिच्यावर पिवळसर लेप दिलेला असतो. निळा आणि पिवळा मिळून डोळ्यांना पांढरं दिसतं. लाल काट्याला उजळायला लाल उजेड हवा, आणि जुन्या तारेच्या बल्बात तो भरपूर होता. निळे एलईडी लावणाऱ्यांचा काटा तर जवळजवळ दिसेनासाच होतो. (ही निळी चिप शोधल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षीच्या जानेवारीत मारुती ८०० चं उत्पादन थांबलं. दोघांची गाठ माझ्या मीटरमध्ये पडली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.)

म्हणून वॉर्म व्हाइट घ्या, ३००० केल्विनच्या आसपासचे. जुन्या बल्बावर हिरवी किंवा निळी रबरी टोपी असेल तर ती काढायची की ठेवायची हे दोन्ही प्रकारे पेटवून ठरवा. डायलच्या मागच्या बाजूला रंग दिलेला असेल तर टोपी नसली तरी रंग येतो.

एका जागी झगझगाट आणि कोपऱ्यात अंधार पडत असेल तर बल्बाची रचना बघा. तारेचा बल्ब चहूबाजूंनी उजेड फेकतो आणि मीटरच्या आतल्या पांढऱ्या भिंती तो पसरवतात. एकच चिप टोकाला असलेला एलईडी सरळ पुढे मारतो. बाजूंनाही चिपा असलेला घ्या. आणि फार प्रखर घेऊ नका. घाटात रात्री मीटरचा उजेड काचेवर पडतो, डोळे त्याला सरावतात आणि बाहेरचा अंधार आणखी गडद वाटतो. ज्या गाड्यांत उजेड कमी-जास्त करायचा डिमर आहे, तिथे एलईडी नीट मंद होत नाही. जुना डिमर बल्बाच्या करंटवर अवलंबून असतो आणि एलईडी तेवढा करंट घेतच नाही. त्यामुळे बराच फिरवला तरी फरक दिसत नाही आणि मग एकदम विझतो. तिथे डिमरचा दोष काढू नका, कमी उजेडाचा बल्ब निवडा.

खोलताना आणि बंद करताना

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. स्टीअरिंगच्या वर जुना टॉवेल अंथरा म्हणजे मीटरच्या काचेला चरे पडत नाहीत. हूडाचे आणि मीटरचे स्क्रू निघाले की मीटर थोडं पुढे येतं आणि मग अडतं. तिथे ओढू नका. मागे स्पीडोमीटरची केबल असते. काही गाड्यांत प्लॅस्टिकची कळ दाबून ती सुटते, काहींत आट्यांची रिंग फिरवावी लागते. हात पोचत नसेल तर इंजिनच्या बाजूने केबल थोडी आत ढकला, ढील मिळते. प्लग काढताना खटका दाबा आणि प्लगच धरून ओढा, वायर धरून नको. काढण्याआधी मोबाइलवर पाठीचे फोटो काढून ठेवा. काट्यांना बोट लावू नका आणि ते उपसायचा मोह तर अजिबात नको, परत बसवताना वाचन चुकतं.

ज्या नव्या गाड्यांच्या मीटरमध्ये फिरवून काढायचे होल्डरच नाहीत, तिथे एलईडी आधीपासूनच सर्किटवर सोल्डर केलेले असतात. ते काम या लिखाणात येत नाही.

मी तीन वेळा केलेली चूक म्हणजे सगळं बसवून, स्क्रू आवळून, मग दिवे लावून बघणं. आता तसं करत नाही. बल्ब बसले की मीटर टॉवेलवरच ठेवतो, पाठ कुठल्याही लोखंडाला टेकत नाही ना ते बघतो, सगळे प्लग जोडतो, बॅटरी जोडतो आणि पार्किंग लावतो. प्रत्येक होल्डर बोटाने जरा डावीकडे-उजवीकडे ढकलतो. उजेड हलला तर तो होल्डर पुन्हा बाहेर. मग पंधरा मिनिटं दिवे तसेच ठेवतो, कारण काही कॉन्टॅक्ट गरम झाल्यावरच सुटतात. त्यानंतर चावी फिरवून ऑइल आणि बॅटरीचे लाल दिवे लागतात ना ते पाहतो, इंजिन चालू करून दोन्ही विझतात ना ते पाहतो, बॅटरीवर १३.८ च्या वर आकडा बघतो.

राहते केबल. ती सरळ रेषेत दाबली की टक असा आवाज येतो आणि मग ओढली तरी येत नाही. आवाज आला नसेल तर ती बसलेली नाही. मीटर जागेवर ठेवून हूडाचे स्क्रू न लावताच गाडी गल्लीच्या टोकापर्यंत न्या, काटा वर चढतो का बघा, परत या, आणि मग स्क्रू लावा.